कपाट आहे, किल्ली कोठे?

(द्वितीय वर्ष, कला)

नायजेरियातील सरकारी माध्यमिक शाळांशी आपला काय संबंध, असे कोणी विचारले तर त्याचे उत्तर सोपे आहे. आमच्या इंग्रजीच्या सरांनी वर्गात चिनुआ अचेबे यांच्या 'थिंग्ज फॉल अपार्ट' या १९५८ साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीविषयी सांगितले आणि बोलता बोलता म्हणाले, "हा लेखक एका सरकारी शाळेत घडला." वर्गातील इतरांनी ते वाक्य ऐकले आणि सोडून दिले. मला ते सोडता आले नाही. माझ्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. मीही सरकारी अनुदानावर चालणाऱ्या शाळेतूनच आले आहे. तेव्हा सरकारी शाळेत लेखक घडतो म्हणजे नेमके काय होते, आणि आज त्याच देशातील सरकारी शाळांत काय घडते, हे शोधण्यासाठी मी ग्रंथालयात बसले. जे हाती लागले त्यावरून माझे एक मत बनले. ते मित्रांपुढे व प्राध्यापकांपुढे मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

मत असे की, शाळेतील साधने आणि शाळेतील आधार या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. पुस्तकांचे कपाट हे साधन, ते उघडून मुलाच्या हाती पुस्तक देणारा माणूस हा आधार. माणूस नसेल तर कपाट असून नसल्यासारखे. ज्याच्या घरी वडील वकील आणि आई शिक्षिका, त्याला शाळेत ग्रंथपाल नसला तरी चालून जाते, कारण त्याचा ग्रंथपाल घरीच असतो. ज्याच्या घरी कोणीच शिकलेले नाही, त्याला जे मिळायचे ते शाळेतच. म्हणून ग्रंथालय, प्रयोगशाळा, मार्गदर्शन, वसतिगृह यांना 'जादा सोयी' म्हणणे हा गरिबाच्या मुलावर अन्याय आहे.

आता अचेबे यांच्या शाळेकडे वळू. पूर्व नायजेरियातील उमुआहिया येथे ब्रिटिश सरकारने १९२९ साली गव्हर्नमेंट कॉलेज स्थापन केले. नाव कॉलेज असले तरी ती मुलांची निवासी माध्यमिक शाळा. अचेबे तेथे १९४४ साली दाखल झाले. त्या काळचे मुख्याध्यापक विल्यम सिम्पसन हे गणिताचे शिक्षक. त्यांनी एक विलक्षण नियम केला होता. आठवड्यातून तीन दिवस, वर्ग सुटल्यानंतरच्या ठराविक वेळात पाठ्यपुस्तक हातात धरायला बंदी! त्या वेळात मुलांनी ग्रंथालयातील कथा-कादंबऱ्या वाचाव्यात, खेळावे, पण अभ्यासाचे पुस्तक उघडू नये. आपल्याकडे एखाद्या मुख्याध्यापकाने असा नियम केला तर पालक मोर्चा आणतील. पण त्या शाळेतून कोण बाहेर पडले ते पाहा. अचेबे, कवी ख्रिस्तोफर ओकिग्बो, गॅब्रिएल ओकारा, एलेची अमादी, चुक्वुएमेका इके, केन सारो-विवा. एका शाळेच्या दाराने एवढे लेखक बाहेर पडावेत हा योगायोग नव्हे. तेथे पुस्तके होती, आणि पुस्तके वाचायला लावणारा माणूसही होता.

दुसरे उदाहरण मुलींच्या शाळेचे आहे. नायजेरियातील शालेय मार्गदर्शनाचा इतिहास जेथून सांगितला जातो ती इबादान शहरातील सेंट तेरेसा कॉलेज ही शाळा. १९५९ साली तेथील जोगिणींनी शेवटच्या वर्षाच्या साठ मुलींसाठी गावातील निरनिराळ्या व्यवसायांतील माणसांना बोलावले. कोणते काम कसे असते, त्याला कोणते शिक्षण लागते, अर्ज कोठे करायचा, हे मुलींना त्यांच्याकडून ऐकवले. साठांपैकी चोपन्न मुलींना काम मिळाले, असे त्या देशातील शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत नमूद असते. या उपक्रमाला ना इमारत लागली, ना यंत्रे. लागली ती चार बाकडी, काही सुज्ञ माणसे आणि 'या मुलींचे पुढे काय?' असा प्रश्न पडणाऱ्या शिक्षिका.

हे वाचताना मला माझ्या अकरावीच्या प्रवेशाचा अर्ज आठवला. त्यात 'शाखा' असा एक रकाना होता. त्यात काय लिहायचे हे सांगणारे घरात कोणी नव्हते, शाळेतही ते कोणाचे काम नव्हते. चौकातल्या झेरॉक्सवाल्या काकांनी सांगितले ते मी लिहिले. कला शाखेत मी सुखी आहे, त्याची तक्रार नाही. पण एका मुलीच्या आयुष्याचा रकाना झेरॉक्सच्या दुकानात भरला जावा, ही काही शिक्षणव्यवस्थेला भूषणावह गोष्ट नाही. इबादानच्या त्या शिक्षिकांचे मोल मला म्हणूनच अधिक वाटते.

तथापि येथे एक अडचण उभी राहते. उमुआहियासारख्या शाळा मोजक्या मुलांच्या होत्या. प्रवेशपरीक्षेच्या चाळणीतून निवडक मुले आत जात आणि हजारो बाहेर राहत. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावरील नेत्यांना हे सलत होते. पश्चिम विभागात ओबाफेमी अवोलोवो यांच्या सरकारने जानेवारी १९५५ मध्ये मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले. देश १ ऑक्टोबर १९६० रोजी स्वतंत्र झाला. पुढे तेलाचा पैसा आला आणि सप्टेंबर १९७६ मध्ये साऱ्या देशात सार्वत्रिक प्राथमिक शिक्षणाची योजना निघाली. प्राथमिक शाळांचे दरवाजे उघडले की सहा वर्षांनी माध्यमिक शाळांच्या दारात गर्दी होणार, हे गणित पहिलीतल्या मुलालाही कळावे. ती गर्दी झालीच. वर्ग कमी पडले, शिक्षक कमी पडले. त्या तेलाच्या दिवसांत भारतातूनही कितीतरी शिक्षक तेथील माध्यमिक शाळांत गणित आणि विज्ञान शिकवायला गेले.

लागोस राज्याची गोष्ट येथे सांगितली पाहिजे. १९७९ ते १९८३ या काळात तेथे लतीफ जकांदे हे राज्यपाल होते. तेथे राज्यपाल लोक निवडून देतात, म्हणजे आपल्याकडील मुख्यमंत्र्यासारखेच ते पद. त्यांच्या आधी लागोसमधील सरकारी शाळा पाळ्यांमध्ये भरत. गिरणीच्या पाळीसारखी एक तुकडी बाहेर पडायची आणि दुसरी आत शिरायची. जकांदे यांनी साध्या, स्वस्त बांधणीच्या वर्गखोल्यांच्या ओळीच्या ओळी झपाट्याने उभ्या केल्या, पाळ्या बंद केल्या आणि माध्यमिक शिक्षणही मोफत केले. विरोधकांनी या वर्गांना कोंबड्यांची खुराडी म्हणून हिणवले.

या वादात मी कोणाच्या बाजूची आहे हे स्पष्ट सांगते. मी जकांदे यांच्या बाजूची आहे. 'सर्वांना शाळेत घेतले आणि शिक्षणाचा दर्जा घसरला' हे वाक्य नायजेरियातच नव्हे, सगळीकडे ऐकू येते. ते म्हणणारे बहुधा ज्यांच्या तीन पिढ्या शिकलेल्या आहेत असेच असतात. दार बंद ठेवून राखलेला दर्जा बाहेर राहिलेल्यांच्या काय कामाचा? खुराडे तर खुराडे, पण त्यात बसून ज्यांनी पहिल्यांदा बीजगणित शिकले त्यांना विचारा. मात्र जकांदे यांची बाजू घेणाऱ्यांनी पुढचा प्रश्नही टाळता कामा नये. वर्ग बांधला की शाळा झाली का? चार भिंती, पत्रे आणि फळा एवढ्यावर थांबलो तर आपण गरिबाच्या मुलाला अर्धेच वचन दिले, आणि उरलेले अर्धे ज्यांच्याकडे आधीच आहे त्यांच्याकडेच ठेवले.

असे नव्हे की नायजेरियाच्या धोरणकर्त्यांना हे कळत नव्हते. १९७७ साली त्यांनी राष्ट्रीय शैक्षणिक धोरण जाहीर केले. शाळांत ग्रंथालये असावीत, प्रत्येक राज्यात शैक्षणिक साधनकेंद्रे असावीत, माध्यमिक शाळांत मार्गदर्शक-समुपदेशक नेमावेत, हे सारे त्या धोरणाच्या कागदांत आहे. एका वर्गात चाळीसपेक्षा जास्त मुले नसावीत असेही त्यात पुढे म्हटले. सहा वर्षे प्राथमिक, तीन वर्षे कनिष्ठ माध्यमिक, तीन वर्षे वरिष्ठ माध्यमिक आणि चार वर्षे विद्यापीठ अशी नवी रचना १९८२ पासून अमलात येऊ लागली. कनिष्ठ माध्यमिकच्या मुलाला हातांनी काम करता यावे म्हणून प्राथमिक तंत्रज्ञान हा विषय आला आणि कार्यशाळांसाठी परदेशांतून यंत्रे मागवली गेली.

त्या यंत्रांचे पुढे काय झाले? कित्येक शाळांत ती खोक्यांतून बाहेरच निघाली नाहीत. कोठे कार्यशाळेची इमारत नव्हती, कोठे वीज नव्हती, आणि जेथे दोन्ही होते तेथे यंत्र चालवून दाखवणारा शिक्षक नव्हता. पावसात खोकी कुजली, यंत्रांना गंज चढला. आमच्याकडे म्हणतात, आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? येथे आडात पाणी होते, पण पोहरा ओढणाराच नेमला नव्हता. यंत्रांचे करार करायला अधिकारी होते, उतरवून घ्यायला हमाल होते, फक्त शिकवायला माणूस नव्हता. माझ्या मताचा सगळ्यांत मोठा पुरावा कोणी मागितला तर मी ही खोकी पुढे करीन.

पुढे तेलाचे भाव घसरले. १९८६ साली आर्थिक पुनर्रचनेचा कार्यक्रम आला आणि नायरा कोसळू लागला. १९८५ साली एका डॉलरला पुरा एक नायराही मोजावा लागत नव्हता, आज हजाराहून अधिक नायरा मोजावे लागतात. शाळेच्या भाषेत याचा अर्थ असा की, बाहेरून येणारे सूक्ष्मदर्शक, रसायने, कागद आणि पुस्तके यांच्या किमती दरवर्षी हातातून निसटत गेल्या. परदेशी शिक्षक परतले. देशातील शिक्षकांचे पगार रखडले आणि संप झाले.

पण सारा दोष पैशाच्या टंचाईवर टाकणे मला मान्य नाही. पैसा होता तेव्हा खोकी कुजली, हे विसरून चालणार नाही. शिवाय जो पैसा आहे त्याची वाटणीही पाहण्यासारखी आहे. २००४ च्या कायद्याने नऊ वर्षांचे शिक्षण, म्हणजे प्राथमिक आणि कनिष्ठ माध्यमिक, मोफत व सक्तीचे झाले. त्यासाठी केंद्राच्या एकत्रित महसुलाचे दोन टक्के राखून ठेवले. परंतु ही रक्कम उचलायची तर राज्याने आपला वाटा घालावा लागतो. कित्येक राज्यांनी तो वेळेवर घातला नाही आणि मुलांच्या नावाचा पैसा वर्षानुवर्षे पडून राहिला. दुसरीकडे, १९९३ साली कंपन्यांच्या नफ्यावर शिक्षणकर बसवून जो निधी उभारला होता तो आधी सर्व स्तरांसाठी होता. २०११ च्या कायद्याने तो केवळ सार्वजनिक विद्यापीठे आणि उच्च शिक्षणसंस्था यांच्याकडे वळवला.

म्हणजे खालच्या नऊ वर्षांना एक निधी, वरच्या विद्यापीठांना दुसरा निधी, आणि मधली वरिष्ठ माध्यमिकची तीन वर्षे कोणाचीच नाहीत! थोरल्याला नवे कपडे, धाकट्याला लाड आणि मधल्याला थोरल्याचे उतरलेले, अशी आपल्या घरांतली रीत आहे. तेथे मधल्याला तेही मिळाले नाही. वरिष्ठ माध्यमिक शिक्षणासाठी वेगळा राष्ट्रीय आयोग कामाला लागला तो थेट २०२१ च्या सुमारास. राज्यघटनेत तरी काय आहे? १९९९ च्या घटनेच्या अठराव्या कलमात मोफत माध्यमिक शिक्षणाचे आश्वासन आहे, पण त्याआधी शब्द आहेत ते 'जेव्हा शक्य होईल तेव्हा' या अर्थाचे. सावकाराच्या दारात असे शब्द चालतात का ते कोणत्याही शेतकऱ्याला विचारा. ते फक्त मुलांच्या बाबतीत चालतात.

त्या मधल्या तीन वर्षांत मुलावर काय जबाबदारी असते? शेवटी पश्चिम आफ्रिका परीक्षा मंडळाची परीक्षा असते. तिच्यात भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र यांचे प्रात्यक्षिक असते. पुष्कळ सरकारी शाळांत प्रयोगशाळा जागी होते ती परीक्षेच्या तोंडावरच. तीन वर्षे फळ्यावर काढलेले ब्युरेट मुलाच्या हाती येते ते अखेरच्या आठवड्यांत. पुढे विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा. ती २०१५ पासून पूर्णपणे संगणकावर घेतली जाते. ज्या खेड्यातल्या शाळेत वीज टिकत नाही आणि संगणक हा विषय पुस्तकातील चित्रावर बोट ठेवून शिकवला जातो, तेथील मुलगा आयुष्यात पहिल्यांदा माऊस धरणार तो त्या परीक्षेत. त्याच्या शेजारी बसलेली शहरातील खासगी शाळेची मुलगी रोज घरी संगणक वापरते. परीक्षा एकच, वेळ एकच, आणि निकालाला आपण 'गुणवत्ता' म्हणतो!

मार्गदर्शकाचीही हीच कथा. जेथे तो नेमलेला असतो तेथे पुष्कळदा त्याच्या माथी वर्गाच्या तासिकांचा पूर्ण भार असतो. मुलाने मनातले बोलायला बंद दाराची खोलीही नसते. ग्रंथालयाचा ताबा एखाद्या शिक्षकाकडे जादा काम म्हणून असतो. पुस्तक हरवले तर भरपाई त्याच्या गळ्यात, मग तो कपाट कशाला उघडील? ही किल्लीची गोष्ट मला नायजेरियाच्या पुस्तकांतून शिकावी लागली नाही. माझ्या शाळेतही काचेचे एक कपाट होते. काचेतून पुस्तकांच्या पाठी दिसत. त्या पाठी वाचून मला नावे पाठ झाली होती.

आधाराच्या यादीत कुंपण आणि पहारेकरी येतात, हे शहरात राहून लक्षात येत नाही. १४ एप्रिल २०१४ च्या रात्री बोर्नो राज्यातील चिबोक येथील सरकारी मुलींच्या माध्यमिक शाळेतून बोको हराम या संघटनेने २७६ मुली पळवल्या. असुरक्षिततेमुळे त्या भागातील शाळा बंद केलेल्या होत्या. या मुली आल्या होत्या त्या अखेरच्या परीक्षेसाठी. दहा वर्षे उलटल्यावरही त्यांतील ऐंशीहून अधिक मुली परतल्या नव्हत्या. डिसेंबर २०२० मध्ये कत्सिना राज्यातील कंकारा येथून तीनशेहून अधिक मुलगे पळवले गेले, त्यांची काही दिवसांत सुटका झाली. अशा बातमीनंतर आधीच कष्टाने मुलीला शाळेत धाडणारी आई काय ठरवील? एक दाखला कमी होतो, एक लग्न लवकर होते. धोरणाच्या अहवालात त्याची नोंद 'गळती' अशी होते.

कोणी म्हणेल, वीस कोटींहून मोठा देश, छत्तीस राज्ये, एक कोटीहून अधिक मुले शाळेबाहेर, अशा ठिकाणी ग्रंथपाल आणि मार्गदर्शक ही चैन नव्हे काय? आधी सगळ्यांना शाळेत आणा, मग बाकीचे. हा आक्षेप प्रामाणिक आहे. पण मुले शाळेत आणणे आणि टिकवणे ही कामे एकामागून एक करता येत नाहीत. आधार नसलेली शाळा जेवढी मुले पुढच्या दाराने घेते तेवढी मागच्या दाराने सोडते. शिवाय माणूस यंत्रापेक्षा स्वस्त असतो, आणि त्याचा पगार देशी चलनात द्यावा लागतो, डॉलरमध्ये नव्हे. तेथे १९७३ पासून राष्ट्रीय युवक सेवा योजना आहे. पदवीधरांना एक वर्ष देशाच्या दुसऱ्या भागात काम करावे लागते आणि त्यांतील पुष्कळजण माध्यमिक शाळांत शिकवायला जातात. काही खेडेगावांतील शाळा त्यांच्याच जिवावर चालतात. वर्ष संपले की ते जातात, मुले पुन्हा पोरकी. त्यांतील इच्छुकांना शिकवून ग्रंथपाल, प्रयोगशाळा साहाय्यक, मार्गदर्शक म्हणून कायम केले तर सुशिक्षित बेकारांचा आणि कुलूपबंद कपाटांचा प्रश्न एकाच वेळी थोडा सुटेल, असे मला वाटते.

आज ही पोकळी कोण भरते? पालक-शिक्षक संघ वर्गणी काढून शिक्षक ठेवतात. माजी विद्यार्थ्यांचे संघ आपल्या जुन्या शाळेला प्रयोगशाळा बांधून देतात. त्यांचे कौतुक केले पाहिजे. पण ज्या शाळेचे माजी विद्यार्थी डॉक्टर आणि मंत्री झाले तिलाच दाते मिळतात. ज्या शाळेची पहिलीच पिढी शिकते आहे तिला माजी विद्यार्थी कोठून आणणार? आणि फुकट शाळेत वर्गणी भरता आली नाही म्हणून मुलाने घरी बसावे, तर ती शाळा फुकट कशी? दान चांगले, पण दानावर हक्क सांगता येत नाही. सार्वजनिक शाळा ही हक्काची गोष्ट असली पाहिजे.

मित्रहो, आपल्यातील अनेकजण उद्या शिक्षक होतील. काहीजण पंचायत समितीत, जिल्हा परिषदेत, मंत्रालयातही बसतील. शाळेला काय दिले याची यादी करताना आपण खोल्या, बाके, संगणक मोजू, कारण वस्तू मोजणे सोपे असते. नायजेरियाच्या अनुभवातून मी एवढेच शिकले की प्रत्येक वस्तूपुढे एक रकाना अधिक आखावा: हिची किल्ली कोणाकडे आहे, आणि तो माणूस मुलांच्या वेळेत हजर असतो काय? या रकान्यात नाव नसेल तर ती वस्तू यादीतून खोडावी. उमुआहियाच्या मोजक्या मुलांना जे मिळाले ते लागोसच्या पत्र्याखालच्या सगळ्या मुलांना मिळेल, त्याच दिवशी त्या देशाने शाळा उघडल्या असे म्हणता येईल. तोवर त्याने फक्त इमारती उघडल्या आहेत.